माणशी चाळीस रुपयांत सकस जेवण: हिशेब कुठे जुळतो आणि कुठे जुळत नाही

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने मे 2024 मध्ये भारतीयांसाठी सुधारित आहार मार्गदर्शिका प्रसिद्ध केली आणि तिच्यातील दिवसभराच्या ताटाचे चित्र अनेक वर्तमानपत्रांत छापून आले. दोन हजार कॅलरींच्या त्या ताटात 250 ग्रॅम धान्य, 85 ग्रॅम डाळी-कडधान्ये, 400 ग्रॅम भाज्या, 100 ग्रॅम फळे, 300 मिलिलिटर दूध किंवा दही, 35 ग्रॅम दाणे व तेलबिया आणि 27 ग्रॅम तेल-तूप आहे. चित्र उत्तम आहे, परंतु ते पाहून महिन्याच्या वीस तारखेला किराणा दुकानातील उधारीची वही आठवणाऱ्या माणसाच्या मनात पहिला प्रश्न येतो, तो हे सारे आणायचे कशातून हाच. मार्गदर्शिकेतील सल्ला चुकीचा नाही. तो रुपयांच्या भाषेत कोणी उलगडून सांगत नाही, एवढीच अडचण आहे. या लेखात तेच करून पाहायचे आहे.

बाजारभाव गावागणिक आणि आठवड्यागणिक बदलतात, म्हणून येथे सर्वत्र हिशेबापुरते ढोबळ भाव धरले आहेत. आपल्या दुकानातील भाव घालून वाचकांनी बेरीज पुन्हा करावी. धान्य 40 रुपये किलो, डाळी 120, भाज्या सरासरी 50, फळे 60, शेंगदाणे 140, तेल 150 आणि दूध 56 रुपये लिटर धरले, तर वरच्या ताटाचा खर्च दिवसाला माणशी सुमारे 72 रुपये होतो. चौघांच्या कुटुंबाला महिन्याला साडेआठ हजारांहून अधिक लागतात, आणि यात गॅस, मीठ-मसाला व चहा धरलेलाच नाही.

आता दुसरी बाजू पाहू. केंद्र सरकारच्या 2023-24 च्या घरगुती उपभोग खर्च सर्वेक्षणानुसार ग्रामीण भारतात माणशी सरासरी मासिक खर्च 4,122 रुपये होता आणि त्यातील सुमारे 47 टक्के खाण्यापिण्यावर जात होते. म्हणजे दिवसाला माणशी साधारण 64 ते 65 रुपये. ही सरासरी झाली. सर्वांत गरीब पाच टक्के ग्रामीण लोकांचा सगळा खर्च, म्हणजे कपडे, औषधे, प्रवास आणि मोबाईल धरूनही, महिन्याला 1,677 रुपये होता. दिवसाला छप्पन्न रुपये. ज्याचे सगळे आयुष्य छप्पन्न रुपयांत चालते, त्याला 72 रुपयांचे ताट दाखवून आरोग्याचा उपदेश करणे व्यर्थ आहे. त्यामुळे खरा प्रश्न असा मांडावा लागतो, की हाती माणशी चाळीस-पंचेचाळीस रुपयेच असतील, तर ते कोणत्या क्रमाने खर्च केले असता शरीराला सर्वाधिक लाभ होईल.

पोट भरणे आणि पोषण होणे

अन्न सुरक्षा कायदा 2013 सालचा. त्याखालील प्राधान्य गटातील शिधापत्रिकेवर माणशी महिन्याला पाच किलो धान्य मिळते, अंत्योदय, म्हणजे सर्वांत गरीब गटातील, कुटुंबाला पस्तीस किलो. आणि जानेवारी 2023 पासून हे धान्य मोफत आहे. पाच किलो म्हणजे दिवसाला 167 ग्रॅम. ताटातील 250 ग्रॅम धान्यापैकी दोन तृतीयांश वाटा अशा रीतीने बिनपैशाचा झाला, ही लहान गोष्ट नाही. 1972 च्या दुष्काळात रोजगार हमीच्या कामावर सुकडी आणि परदेशी लाल मिलो ज्वारी खाऊन दिवस काढलेली पिढी अजून आपल्यात आहे. त्या अर्थाने भूक आज बरीच आटोक्यात आली आहे.

परंतु शरीराला दोन प्रकारच्या गोष्टी लागतात. एक म्हणजे चालण्या-फिरण्यासाठी ऊर्जा, जी कॅलरीत मोजतात आणि जी भात, पोळी, साखर व तेल यांतून स्वस्तात मिळते. दुसरी म्हणजे शरीर बांधण्याची आणि चालवण्याची सामग्री, अर्थात प्रथिने, लोह, कॅल्शियम व जीवनसत्त्वे. तांदळावर पोट भरते, मात्र शंभर ग्रॅम पांढऱ्या तांदळात लोह एक मिलिग्रॅमही नसते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे 2019 ते 2021 या काळात, महाराष्ट्रातील 15 ते 49 वयोगटातील 54 टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला आणि पाच वर्षांखालील सुमारे 35 टक्के मुले वयाच्या मानाने खुजी आढळली. यांतील बहुतेक घरांत चूल रोज पेटत होती आणि भातही शिजत होता. तुटवडा होता तो दुसऱ्या प्रकारच्या अन्नाचा.

म्हणून तुटपुंज्या पैशांचा पहिला नियम असा, की धान्य हाती असल्यावर पुढचा रुपया आणखी तांदूळ, साखर, रवा किंवा मैदा यांवर न जाता डाळ-कडधान्यावर जावा, त्यानंतरचा पालेभाजीवर, आणि त्यापुढचा शेंगदाणे, अंडी व दुधावर. फळांचा क्रम त्यानंतर लागतो. हे लिहिताना आनंद होत नाही, परंतु सफरचंदाचा एक किलो आणि हरभऱ्याचे दीड-दोन किलो यांत निवड करायची असेल तर ती हरभऱ्याचीच करावी.

प्रथिने: दहा ग्रॅमला किती रुपये?

प्रथिने, म्हणजे ज्याला आपण सर्रास प्रोटीन म्हणतो ते, वजनाच्या प्रत्येक किलोमागे रोज 0.83 ग्रॅम लागते, असे पोषण संस्थेच्या 2020 च्या शिफारशी सांगतात. 65 किलोच्या पुरुषाला सुमारे 54 ग्रॅम आणि 55 किलोच्या स्त्रीला 46 ग्रॅम. आपण वस्तूंची तुलना किलोच्या भावाने करतो आणि तेथेच फसतो. तुलना करायची ती दहा ग्रॅम प्रथिनांना किती पैसे पडतात याची.

अशाच ढोबळ भावांनी हिशेब केला, तर 130 रुपये किलोच्या तूरडाळीतून दहा ग्रॅम प्रथिने सुमारे सहा रुपयांना पडतात. अख्खा हरभरा 90 रुपये किलो असेल तर पावणेपाच रुपयांना. शेंगदाण्यातून सहा रुपयांना. सुटी सोयाबीन वडी 130 रुपये किलोने मिळत असेल तर अडीच रुपयांच्या आसपास, कारण तिच्या वजनातील निम्मी प्रथिनेच असतात. सात रुपयांच्या अंड्यातून मिळणारी दहा ग्रॅम प्रथिने बारा रुपयांच्या घरात जातात, दुधातून अठरा, पनीरमधून वीस-एकवीस. पाच रुपयांच्या बिस्किटाच्या पुड्यात साधारण पन्नास ग्रॅम माल असतो आणि त्यात जेमतेम साडेतीन ग्रॅम प्रथिने असतात, म्हणजे दहा ग्रॅमला चौदा रुपये. गरिबाचे खाणे समजले जाणारे बिस्किट या मोजमापाने अंड्यापेक्षा महाग आहे.

सर्वांत महाग काय, तर दुधात घालायची चॉकलेटी पूड. ती पाचशे रुपये किलोच्या आसपास पडते आणि तिच्यात प्रथिने शंभर ग्रॅममागे आठ-दहा ग्रॅम असतात. हिशेब पन्नास रुपयांवर जातो आणि डब्यात बरीचशी साखरच असते. एप्रिल 2024 मध्ये केंद्रीय वाणिज्य मंत्रालयाने ऑनलाइन विक्रेत्यांना अशी पेये ‘हेल्थ ड्रिंक’ या वर्गातून काढून टाकण्यास सांगितले. तरीही मुलाची उंची वाढेल या आशेने पोटाला चिमटा काढून हा डबा आणणारी घरे आपण सगळेच पाहतो. त्या पैशांत महिनाभर दिवसाआड मुलाला अंडे देऊन आणखी तीन किलो हरभरा आणता येतो.

येथे सोयाबीनविषयी थोडे अधिक लिहिले पाहिजे, कारण मराठवाडा आणि विदर्भ हे पीक मोठ्या प्रमाणावर पिकवतात आणि जवळजवळ सगळे विकून टाकतात. 2024-25 च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला 4,892 रुपये होता आणि अनेक शेतकऱ्यांना बाजार समितीत तेवढाही मिळाला नाही. हमीभावानेच धरले तरी दहा ग्रॅम प्रथिने दीड रुपयाच्या आत पडतात. महाराष्ट्रात यापेक्षा स्वस्त प्रथिने शोधून सापडणार नाहीत, आणि ती पिकवणाऱ्याच्याच घरी मुले अशक्त असतात, याची बोच वाटल्यावाचून राहत नाही. कच्चे सोयाबीन पचनात अडथळा आणते, म्हणून ते तसेच दळू नये; उकळत्या पाण्यात वीस-पंचवीस मिनिटे ठेवून, वाळवून, मग नऊ-दहा किलो गव्हामागे एक किलो या प्रमाणात दळणात टाकावे. पोळीच्या चवीत फारसा फरक पडत नाही.

गव्हातही प्रथिने असतात, मग डाळ कशाला?

हा आक्षेप रास्त आहे. गव्हात दहा-साडेदहा टक्के, ज्वारीत दहा आणि तांदळात सुमारे आठ टक्के प्रथिने असतात, आणि रेशनचे धान्य तर फुकट आहे. अडचण प्रतीची आहे. प्रथिने ही अमिनो आम्ले नावाच्या लहान घटकांची बनलेली असतात आणि त्यांतील नऊ शरीराला स्वतः तयार करता येत नाहीत. ती अन्नातूनच यावी लागतात. शिंप्याकडे शंभर सदरे आणि साठच चड्ड्या शिवून तयार असतील, तर शाळेचे गणवेश साठच होतात आणि उरलेले चाळीस सदरे कपाटात पडून राहतात. धान्यात लायसिन नावाचे अमिनो आम्ल असेच कमी पडते आणि त्यामुळे बाकीच्यांचाही पुरता उपयोग होत नाही. डाळी-कडधान्यांत लायसिन भरपूर असते, मात्र मेथिओनिन कमी असते, जे धान्यात पुरेसे असते. दोन्ही एकाच दिवसाच्या जेवणात आली की गणवेश पूर्ण होतात.

आपल्या स्वयंपाकघराने ही जोडी फार पूर्वीच जमवून ठेवली आहे. वरण-भात, खिचडी, पुरणपोळी, भाजणीचे थालीपीठ आणि पिठले-भाकरी ही सगळी तिचीच रूपे. 1995 साली राज्यात एक रुपयात झुणका-भाकर देण्याची योजना आली, तिचे पुढे जे व्हायचे ते झाले. परंतु निवडलेला पदार्थ पोषणाच्या दृष्टीने बिनचूक होता. पोषण संस्था धान्य आणि डाळ यांचे प्रमाण तीनास एक असावे असे सांगते. अनेक घरांत ते आठास एक किंवा त्याहूनही विरळ असते, कारण आमटीत पाणी वाढत जाते आणि डाळ तळाशी दिसेनाशी होते. ते प्रमाण चारास एकवर आणले तरी मोठी मजल मारल्यासारखे होईल.

डाळच तर महाग झाली आहे

तूरडाळ महाग होते, हे खरे. परंतु डाळ म्हणजे तूरच, हा आपल्या चवीचा हट्ट आहे. मसूर, अख्खा हरभरा, मटकी, चवळी, हुलगे आणि वाटाणा यांचे भाव सगळे एकाच वेळी चढत नाहीत. ज्या आठवड्यात जे स्वस्त असेल ते घ्यावे आणि तुरीच्या वरणात निम्मी मसूर मिसळावी. फोडणी खमंग असली की घरच्यांना पत्ता लागत नाही. हुलगे, ज्यांना कोकणात कुळीथ म्हणतात, हे तर हलक्या जमिनीतले पीक. त्यांचे माडगे, शेंगोळे आणि पिठले अजून गावोगावी होते. शहरात आलेल्या कुटुंबांनी ते सोडले, कारण ते गरिबीचे खाणे वाटू लागले.

मोड आणण्याबद्दलही एक गैरसमज दूर केला पाहिजे. मोड आल्याने प्रथिने वाढत नाहीत. उलट मटकी पाण्याने फुगते, त्यामुळे वाटीभर मोडाच्या उसळीत तेवढ्याच वजनाच्या कोरड्या मटकीपेक्षा प्रथिने कमीच भरतात. मोडांचा लाभ वेगळा आहे. कडधान्यात फायटेट नावाचा पदार्थ असतो, तो लोह आणि जस्त धरून ठेवतो व शरीराला घेऊ देत नाही. भिजवण्याने आणि मोड आणण्याने तो कमी होतो. शिवाय कोरड्या दाण्यात नसलेले क जीवनसत्त्व तयार होते.

गॅसचा खर्च आणि पोटाचा त्रास

हरभरा स्वस्त, पण तो शिजवायला गॅस किती जातो, असे कोणी विचारले तर तो प्रश्न उडवून लावू नये. सिलिंडर संपत आल्यावर दोन मिनिटांत होणाऱ्या नूडल्स का येतात, हे उघड आहे. रात्रभर भिजवलेले कडधान्य कुकरमध्ये न भिजवलेल्याच्या निम्म्या वेळात शिजते. पहिली शिट्टी झाली की आच बारीक करावी आणि गॅस बंद केल्यावर कुकर आपोआप उतरू द्यावा, कारण त्या दहा-पंधरा मिनिटांत फुकट शिजणे चालू असते. मोडाची मटकी आणि मूग कढईत झाकण ठेवून दहा-बारा मिनिटांत होतात. बेसनाचे पिठले त्याहून लवकर होते, आणि बेसन म्हणजे हरभऱ्याची डाळच.

चूल पेटवायचीच नसेल तर फुटाणे आहेत. बांधकामावर राहणाऱ्या किंवा एका खोलीत सहा-सात जण मिळून राहणाऱ्या मजुराला स्वयंपाकाचा सल्ला देणे सोपे असते, पण त्याच्याकडे ना ओटा असतो ना वेळ. दहा रुपयांत साधारण सत्तर ग्रॅम फुटाणे येतात, त्यांत चौदा-पंधरा ग्रॅम प्रथिने असतात. दुपारच्या वडापावातून बटाटा, मैदा आणि तेल यांपलीकडे फारसे काही मिळत नाही. वडापाव सोडा असे मी म्हणणार नाही. त्याच्याबरोबर मूठभर फुटाणे खावेत, इतकेच.

कडधान्यांनी पोट फुगते, ही तक्रार खोटी नाही. त्यांतील काही शर्करा आपल्या आतड्यांत पचत नाहीत. मोठ्या आतड्यातील जिवाणू त्यांच्यावर जगतात आणि वायू होतो. भिजवलेले पाणी फेकून देणे, पूर्ण मऊ होईपर्यंत शिजवणे आणि सुरुवातीला थोडे-थोडे खाऊन दोन-तीन आठवड्यांत प्रमाण वाढवणे, यांनी बहुतेकांचा त्रास कमी होतो. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी मात्र प्रथिनांचे प्रमाण डॉक्टरांना विचारूनच ठरवावे.

रक्त वाढण्यासाठी गूळ आणि बीट?

लोहाच्या बाबतीत जेवढे गैरसमज आहेत तेवढे बहुधा दुसऱ्या कशात नसतील. प्रौढ स्त्रीला रोज 29 मिलिग्रॅम लोह लागते, पुरुषाला 19. दहा ग्रॅमच्या गुळाच्या खड्यातून सुमारे अर्धा मिलिग्रॅम मिळते, आणि बीट रक्तासारखे लाल असले तरी त्यातील लोह शंभर ग्रॅमला एक मिलिग्रॅमही नसते. रंग पाहून औषध ठरवण्याची ही पद्धत सोडून द्यावी. शंभर ग्रॅम बाजरीत सहा मिलिग्रॅमच्या वर लोह असते, म्हणजे हिवाळ्यातील तीन भाकऱ्यांत गरजेचा मोठा भाग येतो. कडधान्ये, शेवग्याचा पाला, तीळ आणि अळीव यांतही ते चांगले असते.

परंतु वनस्पतीतील लोह शरीर सहज शोषत नाही, आणि येथे पैसे न लागणारे दोन उपाय आहेत. जेवणात आंबट किंवा ताजे काही असावे, कारण क जीवनसत्त्व लोहाचे शोषण वाढवते. लिंबू उन्हाळ्यात परवडत नाही, तेव्हा कच्च्या कोबीची किंवा टोमॅटोची कोशिंबीर चालते. आवळ्याच्या आणि पेरूच्या दिवसांत तर प्रश्नच नाही. दुसरा उपाय चहाविषयी आहे. चहातील टॅनिन लोहाला अडवते, म्हणून जेवणाला लागून घेतलेला कप ताटातील लोहाचा बराच भाग वाया घालवतो. चहा सोडण्याची गरज नाही. जेवण आणि चहा यांत तासाभराचे अंतर ठेवावे. भाकरी चहात बुडवून न्याहारी करण्याची सवय मात्र या दृष्टीने फार तोट्याची आहे.

रेशनच्या तांदळाविषयी जाता जाता. 2024 च्या मार्चपर्यंत देशभरातील रेशनवर लोह, फोलिक आम्ल आणि ब-12 जीवनसत्त्व मिसळलेला तांदूळ देण्याची व्यवस्था झाली. यात शंभर दाण्यांमागे एक दाणा तांदळाच्या पिठात ही द्रव्ये कालवून, यंत्रातून दाबून पाडलेला असतो. तो किंचित पिवळसर आणि गुळगुळीत दिसतो व धुताना कधी तरंगतो, त्यामुळे अनेक ठिकाणी बायकांनी हा ‘प्लास्टिकचा तांदूळ’ सुपात वेचून फेकून दिला. तो प्लास्टिकचा नसतो. शुद्ध शाकाहारी घरात ब-12 दूध-दह्याखेरीज क्वचितच कोठून मिळते, हे लक्षात घेतले तर फेकलेला दाणा किती मोलाचा होता ते कळेल.

पालेभाजी कोणती आणि कधी

भाज्यांमध्ये बटाटा धरू नये. तो पोटभरीचा, धान्याच्या जवळचा आहे. मेथी, पालक, माठ, तांदुळजा, आंबाडी, चाकवत, पावसाळ्यात टाकळा आणि शेताच्या बांधावरची घोळ, यांपैकी मोसमात जी स्वस्त असेल ती रोज एक जुडी, आणि तिच्या जोडीला कोबी किंवा लाल भोपळा. अंगणात शेवग्याचे झाड असलेला माणूस पोषणाच्या बाबतीत श्रीमंत समजावा, कारण त्याच्या पाल्यात शंभर ग्रॅममागे तीनशे मिलिग्रॅमच्या वर कॅल्शियम असते, गाईच्या दुधाच्या अडीचपट.

आठवडी बाजार उठायच्या वेळी भाजीवाल्या उरलेल्या मालाचे वाटे लावून बसतात आणि सकाळी पंधरा रुपयांची जुडी दहाला दोन देतात. ती कोमेजलेली असते, हे दिसतेच. कोमेजल्याने क जीवनसत्त्व आणि फोलेट घटते, परंतु लोह आणि कॅल्शियम ही खनिजे आहेत. ती कोठेही जात नाहीत. सडलेली पाने काढून टाकावीत आणि बाकीची निःशंक घ्यावी. भाजी आधी धुवावी आणि मग चिरावी, आणि शिजवताना थोडे तरी तेल असावे, कारण पाल्यातील अ जीवनसत्त्वाचे घटक तेलाशिवाय नीट शोषले जात नाहीत.

ज्वारी-नाचणीचा गाजावाजा

2023 हे भरडधान्यांचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून साजरे झाले आणि तेव्हापासून नाचणीची बिस्किटे मॉलमध्ये दिसू लागली. गरीब घराच्या दृष्टीने हिशेब थोडा निराळा आहे. रेशनचा गहू फुकट असताना 45 रुपये किलोची ज्वारी घ्यावी का? ज्वारीतील प्रथिने गव्हाइतकीच आहेत. त्यामुळे केवळ प्रथिनांसाठी ती घेण्यात अर्थ नाही. बाजरी लोहासाठी आणि नाचणी कॅल्शियमसाठी घेण्यासारखी आहे. नाचणीत शंभर ग्रॅमला सुमारे 360 मिलिग्रॅम कॅल्शियम असते, म्हणून जेथे दूध परवडत नाही तेथे सकाळची आंबील हा सर्वांत स्वस्त पर्याय ठरतो. मात्र रेशनचे धान्य विकून ज्वारी आणणे, त्यातही दुकानदार देईल त्या भावाने, हा आतबट्ट्याचा व्यवहार आहे.

चौघांचा एक दिवस

नवरा-बायको आणि दोन लहान मुले यांच्या घरी रेशनचे गहू-तांदूळ दिवसाला सुमारे 670 ग्रॅम येतात, असे धरू. त्यावर 600 ग्रॅम ज्वारी, बाजरी किंवा नाचणी 27 रुपयांची, पाव किलो डाळ-कडधान्य 28 रुपयांचे, 40 ग्रॅम सोयाबीन वडी पाच रुपयांची, स्वस्तातली एक किलो भाजी 40 रुपयांची, 100 ग्रॅम शेंगदाणे 14 रुपयांचे, 80 ग्रॅम तेल 12 रुपयांचे, अर्धा लिटर दूध 28 रुपयांचे आणि दोन अंडी 14 रुपयांची. एकूण 168 रुपये, माणशी 42.

सकाळी नाचणीची आंबील किंवा शिळ्या भाकरीबरोबर शेंगदाण्याची चटणी, दुपारी भाकरी, मटकीची उसळ आणि कच्चा कोबी, रात्री घट्ट वरण, भात आणि मेथी. वड्या उसळीत ढकलायच्या, अंडी मुलांना. यातून चौघांना मिळून 240 ग्रॅमहून अधिक प्रथिने आणि सुमारे सात हजार कॅलरी मिळतात. प्रथिनांची चौघांची गरज दीडशे ग्रॅमच्या आत आहे, त्यामुळे ती बऱ्यापैकी भागते. कोकणात अंड्यांच्या जागी मूठभर सुका जवळा आला तर कॅल्शियमही वाढते. दिवसभर अंगमेहनत करणाऱ्याला यात आणखी दोन भाकऱ्या लागतील.

या यादीत फळ नाही. दूध माणशी अर्धपावच आहे, आणि ते सगळे चहात जाणार असेल तर मुलांच्या वाट्याला काही उरत नाही. म्हणून मुलांचा पेला आधी काढून मगच चहाला दूध लावावे. आजारपण, पाहुणे, सणवार, पावसाळ्यात भाज्यांचे चढलेले भाव आणि शिधापत्रिकाच नसणे, यांपैकी एकही गोष्ट आली तरी बेचाळीसाचा आकडा मोडतो. काटकसरीने पोषण साधते, या वाक्याला एवढी मर्यादा आहे, आणि ती ओलांडून गरिबांनाच अडाणी ठरवणारे सल्ले देणे थांबले पाहिजे.

पैसे आहेत, पण जातात कुठे?

सुरुवातीला उल्लेखलेल्या घरगुती उपभोग खर्च सर्वेक्षणात ग्रामीण कुटुंबांचा जवळजवळ दहा टक्के आणि शहरी कुटुंबांचा अकरा टक्के खर्च पेये, बाहेरचे खाणे आणि तयार पदार्थ यांवर होताना दिसतो. ग्रामीण सरासरीने तो दिवसाला माणशी साडेतेरा रुपये होतो. चौघांचे चोपन्न रुपये. या आकड्यात कामावर निघालेल्या माणसाचा चहा आणि खाणावळीचे जेवणही आहे, त्यामुळे सगळाच चैनीचा खर्च म्हणता येणार नाही. तरीही त्यातले दहा रुपये इकडून तिकडे वळले, तर वरच्या यादीतील अंडी दोनाऐवजी तीन होतात. पाच-पाच रुपयांची कुरकुऱ्यांची पाकिटे अंगणवाडीच्या दारातच विकली जातात. मुलाला गप्प करायला आईला तेवढे एकच साधन हाताशी असते, म्हणून तिच्यावर रागावून काही होणार नाही. शेंगदाणा-गुळाचा लाडू करून डब्यात ठेवला असेल तर निदान मागणीच्या वेळी पर्याय असतो.

शेवटी कोण जेवते

घरात आलेले अन्न सर्वांना सारखे मिळते, हे गृहीतच धरले जाते. पुरुष आधी, मग मुले, मग सासू-सासरे आणि सर्वांत शेवटी सून, अशी पंगत अजून पुष्कळ घरांत आहे. तिच्या वेळेपर्यंत उसळ संपलेली असते, वरणाचे वरचे पाणी उरलेले असते आणि ती भाकरीबरोबर ठेचा खाऊन उठते. लोहाची सर्वाधिक गरज जिला आहे, तिलाच ते सर्वांत कमी मिळते. यासाठी बाजारातून काहीही जास्त आणावे लागत नाही. वाढायला सुरुवात करण्यापूर्वी सर्वांच्या वाट्या भरून ठेवणे पुरेसे आहे, आणि ही गोष्ट घरातील पुरुषाने सुचवली तर लवकर घडते.

सरकारी हक्काचे अन्न

सहा महिने ते सहा वर्षांची मुले, गरोदर स्त्रिया आणि स्तनदा माता यांना अंगणवाडीतून पूरक आहार मिळणे, आणि आठवीपर्यंतच्या मुलांना शाळेत दुपारचे जेवण मिळणे, हा 2013 च्या कायद्याने दिलेला हक्क आहे. राज्यातील आदिवासी भागांत अमृत आहार योजनेतून गरोदर आणि स्तनदा मातांना एक वेळचे पूर्ण जेवण देण्याची तरतूद आहे. 2023 च्या अखेरीस राज्याने शाळेच्या जेवणात आठवड्याला एक अंडे सुरू केले होते, परंतु जानेवारी 2025 मध्ये त्यासाठीचा निधी थांबवून लोकवर्गणीकडे बोट दाखवले. सात रुपयांच्या वस्तूवर सरकारने हात आखडता घ्यावा आणि दुसरीकडे कुपोषणाच्या बैठका भराव्यात, यातील विसंगती सांगायला तज्ज्ञ लागत नाही.

कामासाठी गाव सोडलेल्यांना ‘एक देश, एक रेशन कार्ड’ व्यवस्थेमुळे मुक्कामाच्या गावीही आपले धान्य अंगठा लावून उचलता येते. त्यासाठी कार्डाची बदली करावी लागत नाही. दुकानदाराने नकार दिला तर तक्रारीसाठी 1967 हा क्रमांक आहे. लोहाच्या गोळ्या उपकेंद्रात आणि आशाताईंकडे मोफत मिळतात: किशोरवयीन मुलींना आठवड्याला एक निळी गोळी, गरोदर स्त्रियांना रोज एक लाल गोळी. या गोळीने शौचास काळे होते आणि क्वचित मळमळते, त्याला घाबरून ती ट्रंकेत पडून राहते. जेवणानंतर पाण्याबरोबर घेतली तर मळमळ कमी होते; चहा, दूध किंवा कॅल्शियमची गोळी यांच्याबरोबर मात्र ती घेऊ नये, त्यांत दोन तासांचे अंतर ठेवावे.